बुडावरचे ठिपके

काचबाईंच्या हातात बाटली दिली की त्या आधी ती उलटी करायच्या. लेबल वाचणं हे त्यांच्या लेखी अडाण्याचं काम. लेबल काय, आज चिकटवलं, उद्या निघालं. बूड बदलत नाही, असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना समोरच्याकडे अशा बघायच्या की ते लेबल जणू त्यानंच चिकटवलंय.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बाटल्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर घालवली. मागे दिवा, पुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या आणि मधे ह्या. बुडबुडा दिसला, काढ बाहेर. तडा दिसला, काढ बाहेर. निवृत्त झाल्या तरी खोड काही गेली नाही. भंगारवाले, जुन्या वस्तूंचे दुकानदार, कुणी हौसेनं बाटल्या जमवणारे, सगळे त्यांच्या दाराशी यायचे. बाई चष्मा कपाळावर चढवून बाटली उजेडात धरायच्या. साच्याचा सांधा, म्हणजे बाटलीच्या अंगावरची उभी रेघ, मानेपाशीच संपला, तर तोंड हातानं केलेलं, म्हणजे माल जुना. सांधा थेट ओठापर्यंत गेला, तर यंत्राची, अलीकडची. बुडाला खडबडीत वण असला तर ती फुंकून केलेली. तिला जरा जास्त मान. एका दुकानदारानं शंभर वर्षांची म्हणून मोठ्या दिमाखात आणलेली निळी बाटली त्यांनी एका नजरेत परत केली होती. म्हणाल्या, हिच्यापेक्षा माझं दुधाचं पातेलं जुनं आहे.

आपल्या कारखान्याच्या बाटल्या तर त्या नुसत्या अंगठ्यानं वाचायच्या. बुडावर कारखान्याचं चिन्ह, साच्याचा नंबर आणि वर्षाचे दोन आकडे. दरवर्षी बुडाचा नवा साचा कापायचा म्हटलं की मालकाच्या जिवावर यायचं. म्हणून वर्ष बदललं की जुन्याच साच्यात आकड्यांशेजारी एक ठिपका ठोकायचे. एक ठिपका म्हणजे पुढचं वर्ष, दोन म्हणजे त्याच्याही पुढचं. नवखा माणूस आकडे वाचून मोकळा व्हायचा आणि तोंडघशी पडायचा. बाई ठिपके मोजायच्या.

तर बाईंना बाटल्यांमधलं सगळं कळत होतं, त्यात वाद नाही.

त्यांच्या नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं. गल्लीत सगळे त्यांना घड्याळवालेच म्हणायचे. माणूस मऊ, टापटिपीचा, बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागायचं. तरुणपणी मात्र ह्याच माणसानं बाईंना रडवलं होतं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून पिऊन यायचे. एकदा भर रस्त्यात पडले आणि शेजाऱ्यांनी उचलून आणलं. मुलगा तेव्हा शाळेत जायचा, त्यानं बापाचे बूट हातात धरून आणले होते. त्या दिवशी बाईंनी कपडे भरले. घड्याळवाल्यांनी पोराची शपथ घेतली, की आजपासून शिवणार नाही. आणि खरंच, त्यानंतर कुणी त्यांना झोकांड्या खाताना पाहिलं नाही. लोक आपल्या दारुड्या नवऱ्यांना आणि मुलांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले. हात बघा त्यांचा, म्हणायचे, एवढ्याशा स्क्रूवर थरथरतो का. बाईंना ते ऐकून धन्य वाटायचं. का वाटू नये? माणूस त्यांनीच तर ओढून काढला होता.

मुलगा विशीत आला तेव्हाची गोष्ट. तो घरी उशिरा यायला लागला होता. लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकतोय, म्हणायचा. बाईंना ते पटत नव्हतं. मित्र त्यांना आवडत नव्हते, केस आवडत नव्हते, विचारल्यावर खांदे उडवणं तर अजिबात आवडत नव्हतं. अशात एकदा गाद्या उन्हात टाकायच्या म्हणून त्यांनी माळा आवरायला काढला, आणि गाद्यांच्या मागून एक चपटी घरंगळत पुढं आली. दारूची. लेबल धुऊन काढलेलं.

बाईंनी दोघांनाही बोलावलं. घड्याळवाले चपटीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, माझी असेल तर जुनी असेल, तेव्हाची राहिली असेल. तूच वर्ष बघ. बाईंनी बाटली उलटी केली. दोन आकडे, शेजारी दोन ठिपके. चालू साल. काच ताजी होती, बहुतेक त्यांच्याच टेबलावरून पास झालेली. नवऱ्यानं तर कधीच सोडली होती. मग घरात उरलं कोण?

पोरगा एकदाच म्हणाला, माझी नाही. मग त्यानं बापाकडे पाहिलं, आणि गप्प झाला. बाईंनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकला. त्यांना दुसरा अर्थ दिसलाच नाही, कारण शोधलाच नाही. एकदा एका माणसाच्या पिण्यापायी जीव नकोसा झाला होता, आता दुसऱ्याचं पिणं उभं आयुष्य बघायची ताकद नव्हती, असं त्या नंतर सगळ्यांना सांगत. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाल्या, की खोटं बोलणारा आणि पिणारा ह्या घरात नको. कबूल कर, माफी माग, नाहीतर चालता हो. पोरगा चालता झाला.

माफी मागेल तेव्हा येईल, ह्या एका वाक्यावर बाईंनी बारा-तेरा वर्षं काढली. तो दुसऱ्या शहरात गेला, कामाला लागला, लग्न केलं, मुलगी झाली. हे सगळं बाईंना धाकट्या बहिणीकडून कळायचं. पोराचं मावशीकडे जाणं-येणं होतं. कळलं की बाई मान वळवायच्या आणि दिवसभर भांडी आपटायच्या. घड्याळवाले अधूनमधून म्हणायचे, झालं गेलं, पोर आहे, बोलाव त्याला. बाई म्हणायच्या, तुम्ही देवमाणूस आहात, मी नाही. आणि मनातल्या मनात नवऱ्याचं कौतुक करायच्या. स्वतः त्या आगीतून गेलेला माणूस, म्हणून क्षमा करू शकतो.

देवमाणूस! जाऊ दे, पुढं सांगतो.

नळाला पाणी येईना म्हणून एकदा प्लंबर बोलावला. घड्याळवाले नेमके केस कापायला गेले होते. टाकी गच्चीवर, आणि गच्चीचा जिना घरातूनच. बाईंचे गुडघे गेल्यापासून त्या वर गेल्याच नव्हत्या. टाकी बघून येतो म्हणत रोज संध्याकाळी घड्याळवालेच जायचे. टाकीखालचा लोखंडी चौथरा गंजून कलला होता. प्लंबरनं टाकी रिकामी करून सरकवली, आणि मागच्या खबदाडातून एक पोतं ओढून काढलं. बाईंचं बाटल्यांचं वेड सगळ्या गल्लीला माहीत. त्यानं मोठ्या उत्साहानं पोतं खाली आणून पडवीत ठेवलं आणि म्हणाला, काकू, तुम्हाला तर लॉटरीच लागली. मग तो परत वर गेला.

पोत्यात चपट्या होत्या. प्रत्येक चपटी एकेका मोज्यात घातलेली, म्हणजे एकमेकींवर आपटून वाजायला नकोत. लेबलं धुऊन काढलेली, बुचं नाहीत. आणि काय सांगावं, बाईंना आधी आनंद झाला. एकाच कारखान्याचा एवढा माल, एका जागी, सलग. गुडघे विसरून त्यांनी जमिनीवर बैठक मारली आणि मोजे काढून बाटल्या वर्षाप्रमाणे भिंतीशी लावायला सुरुवात केली. हात आपोआप चालले होते. बिनठिपक्याची डावीकडे, एक ठिपका तिच्या शेजारी, मग दोन ठिपके. दोन ठिपक्यांशी त्या थांबल्या. हे ते साल, माळ्यावरच्या बाटलीचं. आणि त्यांच्या मनात जो पहिला विचार आला, तो पोराच्याच विरुद्ध आला. बघा, एवढी ढोसली होती मेल्यानं, आणि लपवली कुठं तर टाकीमागे.

मग अंगठा पुढच्या बुडावर गेला. तीन ठिपके.

त्यांनी चष्मा खाली ओढला, परत कपाळावर नेला. बाटली दारापाशी उजेडात धरली. तीनच. पुढची उचलली, चार. त्यापुढचीचे आकडेच नवे होते, कारण साचा झिजला आणि मालकाला शेवटी नवा कापावा लागला. ते नवे आकडे, त्यांच्याशेजारी एक ठिपका, दोन ठिपके. मग त्यांचा कारखाना बंद पडला, आणि पुढच्या बाटल्यांवर दुसऱ्याच कारखान्याचं चिन्ह आलं. रांग भिंतीच्या टोकापर्यंत गेली. तीन ठिपक्यांच्या सालात पोरगा ह्या घरात नव्हता. चारच्या सालातही नव्हता. त्यानंतर त्यानं ह्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, आणि बाटल्या मात्र इमानानं दरसाल आल्या होत्या.

बाईंनी मांडीवरचा मोजा उचलला. तपकिरी मोजा, टाचेला निळ्या दोऱ्याचं रफू. तपकिरी दोरा संपला होता म्हणून त्यांनी निळा घातला होता, आणि नवऱ्याला म्हणाल्या होत्या, बुटात कोण बघतंय. रडू आलं नाही. राग आला, पण तो नवऱ्याचा नव्हता, अजून तिथपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. तो आपल्या अंगठ्याचा आला.

घड्याळवाले आले. ताजे कापलेले केस, मानेवर पावडर. त्यांनी रांग पाहिली आणि हे काय, असं विचारलं नाही. पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडत राहिले. दोन नाड्यांना एवढा वेळ लागतो का? त्यांना लागला.

"त्या दिवशी बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"तू बोलू दिलंस का?"

हे त्यांनी इतकं हळू म्हटलं की बाईंना वाकावं लागलं. मग बाकीचंही त्यांनी तसंच हळू सांगितलं. सोडणारच होते. खूप कमी केली होती, दोन घोटांवर आणली होती, झोप यावी एवढीच. पोरगा आठ दिवसांत परत येईल असं वाटलं. मग वाटलं, महिन्यात येईल. मग इतके दिवस झाले की आता कसं सांगायचं असं झालं, आणि दर वर्षी ते जास्तच अवघड होत गेलं. तुला सांगत तर होतो, बोलाव म्हणून. आणि तो गेल्यावर वर्षभर आपण थेंब शिवलो नव्हतो, हेही सांगितलं.

बाईंनी तीन ठिपक्यांची बाटली उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

घड्याळवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, बाटली ज्या साली बनते त्याच साली पितात असं थोडंच आहे. दुकानात पडून असते. तूच सांगतेस ना लोकांना, काच जन्म सांगते, पुढचं नाही.

ते त्या खरंच सांगायच्या. जमवणाऱ्या हौशी पोरांना तर पहिला धडाच तो द्यायच्या, की बूड बघून एवढंच म्हणा, ही ह्या सालाच्या आधीची नाही. बाकी अक्कल आपली आपण चालवायची. बाईंना आपलंच वाक्य ऐकून तोंडात मारल्यासारखं झालं.

"पोराची शपथ घेतली होतीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मग? काय वाईट झालं त्याचं? धडधाकट आहे. लग्न झालं, मुलगी झाली."

ह्यावर बाई उठल्या आणि आत गेल्या. प्लंबर वरून ओरडून विचारत होता, काकू, पाणी सोडू का.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बहिणीकडून पत्ता घेऊन बसमध्ये बसल्या. पिशवीत तीन ठिपक्यांची चपटी, रुमालात गुंडाळून. वाटभर त्यांनी मनाशी घोकलं. आधी पुरावा दाखवायचा, मग माफी मागायची. तो चिडेल, ओरडेल, कदाचित रडेल. ओरडू दे, त्याचा हक्कच आहे. मग हात धरून म्हणायचं, चल घरी. नवऱ्याचं अंथरूण दुकानात टाकायचं, हेही ठरवून झालं होतं. नातीसाठी कुठली खोली रिकामी करायची इथपर्यंत गाडी गेली. त्यांना पोरगा परत हवा होता, बास, दुसरं काही नको होतं, आणि आता तो मिळणार नाही असं काही कारण त्यांना दिसत नव्हतं. खरं काय ते हातात होतं ना.

मुलगा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद. बाई कठडा धरून, दर वळणावर थांबत चढल्या. सुनेनं दार उघडलं. फोटोत पाहिलं असावं, कारण ओळखलं. तिनं काही विचारलं नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलाशी एक मुलगी चित्र रंगवत होती. तिनं विचारलं, ह्या कोण. सून जरा अडखळली, मग म्हणाली, मावशीआजीची ताई. मुलगी मान डोलावून परत रंगवायला लागली.

मुलगा कामावरून आला. हाताला ग्रीस, कानशिलांवर थोडे पांढरे केस. आईला बघून तो दारातच थांबला, मग म्हणाला, बस ना, उठू नकोस. हात धुऊन आला आणि समोर बसला. सून मुलीला घेऊन आत गेली. बाईंनी रुमाल सोडला, बाटली टेबलावर आडवी ठेवली आणि बूड त्याच्याकडे केलं. घोकलेलं सगळं विसरलं, आणि तपासणीच्या टेबलावर नव्या पोरींना शिकवायच्या तशा त्या बोलत सुटल्या. हे चिन्ह, हा नंबर, हे वर्ष. माळ्यावरची होती तिला दोन ठिपके होते. हिला तीन आहेत. तू तेव्हा गेलेला होतास. बघ, अंगठा फिरवून बघ.

त्यानं बाटलीला हात लावला नाही. शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगतेस? मला माहीत होतं ना. बाबांना मी गच्चीत बघितलं होतं, त्याच्या कितीतरी आधी."

"मग बोलला का नाहीस रे?"

"कुणाला बोलणार? तुला?" तो किंचित हसला. "तुझ्या आजोबांच्या वेळची बाटली आणली तरी तू चिमटीत धरून तिचं साल सांगायचीस. तुझ्या घरात कोण पितं ते तुला माहीत नसेल, असं मला वाटेल तरी कसं? मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे. बाबा परत उघडे पडले असते तर तुझं सगळंच गेलं असतं. दोघांतला एक ठेवायचा होता, तू त्यांना ठेवलंस."

तो पुढं बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पहिली काही वर्षं फार राग आला होता, म्हणाला. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि हळूहळू समजायला लागलं. बाईमाणूस कुठं जाणार होती? आपण तरुण होतो, कुठंही जगलो असतो. आईनं हिशेब बरोबर केला, असं तो स्वतःला सांगायचा. बायकोलाही त्यानं तसंच सांगितलं होतं, की बाबा खोटे निघाले, पण आई मला ओळखून होती. तिनं मला घालवलं ते माझ्यावर विश्वास होता म्हणून, की हा निभावून नेईल.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हा केवढा मोठा गैरसमज, आणि तो एका वाक्यात दूर करता येणार होता. आपण इतक्या वाईट नव्हतो, जाणूनबुजून पोटच्या पोराला बळी देणारी आई आपण नव्हतो, हे त्याला कळलं की त्याचा जीव हलका होईल, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी त्याचा हात धरला.

"नाही रे बाळा. मला माहीत नव्हतं. शपथ, मला काहीच माहीत नव्हतं."

तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तुला खरंच वाटलं, मी पितो."

"हो."

"आणि मी नाही म्हणालो, ते?"

बाईंनी आयुष्यात कुठल्याच बाटलीचं साल खोटं सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "खोटं वाटलं."

त्यानं हात सोडवून घेतला, झिडकारून नाही, सावकाश. खिडकीतून बाहेर बघत बसला. आतून मुलीचा आवाज येत होता, तिला लाल खडू सापडत नव्हता. बाई माफीचं बोलल्या, घरी चलण्याचं बोलल्या, खोलीचं, दुकानातल्या अंथरुणाचं, सगळं बोलल्या. सुनेनं पानं घेतली, सगळे जेवले, मुलीनं चित्र दाखवलं आणि बाईंनी ते छान आहे म्हटलं.

जेवणं झाल्यावर तो त्यांना सोडायला निघाला. टेबलावरची चपटी त्यानं रुमालात गुंडाळून त्यांच्या पिशवीत घातली. पोरगी विचारत बसेल, म्हणाला. जिना उतरताना त्यानं त्यांच्या कोपराला आधार दिला, प्रत्येक पायरीला. स्टँडवर तिकीट काढलं, खिडकीची जागा बघून दिली, पाण्याची बाटली घेऊन दिली. बस सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला,

"आई, हे सांगायला यायला नको होतंस."

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण बस पुढं सरकली होती आणि तो वळून चालायला लागला होता.